पर्यायी इतिहासातला सोन्याचा गोवा कोणाच्या खर्चाने? गोव्यातील मराठी संपादक आणि परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातून निघणाऱ्या मराठी दिवाळी अंकांचे संपादक
आणि कथास्पर्धांचे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांसाठी साहित्य पाठवण्याचे आपले आवाहन पावसाच्या तोंडावर निघते आणि चतुर्थीपर्यंत बहुतेक निवड उरकलेली असते. यंदाचे आवाहन निघण्यापूर्वी एका विशिष्ट प्रकारच्या कथेविषयी आपल्याशी बोलावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. इतिहासातली एखादी घटना घडली तशी घडली नसती तर पुढे काय झाले असते, या कल्पनेवर उभ्या राहणाऱ्या कथा अलीकडे आपल्याकडच्या अंकांत वरचेवर दिसतात. नवे लेखक गोव्याच्या इतिहासाकडे वळत आहेत, त्यासाठी जुनी कागदपत्रे चाळत आहेत, याचा एक वाचक म्हणून मला आनंदच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या कथांमध्ये इतिहासाचा सांधा बदलला, की गाडी मध्ये कोठेही न थांबता थेट स्वर्गाच्या स्थानकात शिरते. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कचे जहाज वादळात बुडते आणि गोवा कायमचा सुखी होतो. त्यानंतर तेथे कोणाची जमीन जात नाही, कोणी देशोधडीला लागत नाही, कोणाला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. आदर्श समाज कोणाच्या तरी खर्चाने उभा राहतो. त्या खर्चाचे पान ज्या कथेत नाही, ती कथा आपण साभार परत करावी, अशी माझी विनंती आहे. ती का, हे जरा विस्ताराने सांगतो.

हा लेखनप्रकार काही कालचा नाही. रोमन इतिहासकार लिव्ही याने आपल्या इतिहासाच्या नवव्या पुस्तकात, अलेक्झांडर पश्चिमेकडे वळून रोमवर चालून आला असता तर काय झाले असते, याचा विचार केला आहे, आणि निकाल अर्थातच रोमच्या बाजूने दिला आहे. १८३६ साली लुई जोफ्र्वा नावाच्या फ्रेंच लेखकाने नेपोलियन सारे जग जिंकतो अशी कादंबरी लिहिली. नेपोलियन सेंट हेलेनावर मरून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. त्या कादंबरीत एक गमतीचे प्रकरण आहे: वॉटर्लूच्या पराभवाची ‘कथा’ म्हणजे कोणा खोडसाळाने पसरवलेली बनावट बखर आहे, असे लेखक तेथे संतापून सांगतो. पुढे १८७६ साली शार्ल रनूव्हिए या तत्त्वज्ञाने, ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा राजधर्म झालाच नसता तर युरोप कसा घडला असता, याचे सविस्तर चित्र रंगवले. या तिघांच्याही हातून एकच गोष्ट घडलेली दिसते. आपल्याला जे दुखते, ते काढून टाकून उरलेले जग नीटनेटके मांडायचे. दुःखावरचा तो उपाय म्हणून समजण्यासारखा आहे. परंतु आपण अंक काढता ते साहित्याचे, आणि साहित्याकडून वाचकाची अपेक्षा त्याहून थोडी अधिक असते.

ती अपेक्षा मराठीत पुरी झालेली आहे, हे आपणांस ठाऊक आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ चा निकाल फिरतो. विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते. त्या जगातला हिंदुस्थान कोणाचा गुलाम झालेला नाही, ही सुखाची बाजू लेखकाने हात राखून सांगितलेली नाही. तरीही मुंबईत इंग्रज आहेत, कराराने आणि मुदतीने का होईना, पण आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गंगाधरपंत त्या जगात बसत नाहीत. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसताच ते सवयीने तिच्याकडे वळतात, आणि अध्यक्ष, आभार, प्रास्ताविक असल्या गोष्टी केव्हाच मोडीत काढलेला तो श्रोतृवर्ग त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी फेकतो. ज्या विजयाची स्वप्ने माणूस आयुष्यभर पाहतो, त्या विजयानंतरच्या जगात त्याला स्वतःला जागा नसते, हे नारळीकरांनी एका खुर्चीवर दाखवून दिले. आपल्याकडे येणाऱ्या कथांत नेमकी ही खुर्ची नसते.

आदर्श समाजाच्या कल्पनेचा गोव्याशी असलेला संबंध तर फारच जवळचा आहे, आणि त्याकडे आपल्या लेखकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. टॉमस मोर याचे ‘युटोपिया’ हे पुस्तक १५१६ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे आल्बुकेर्कने गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा घेतला त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी. त्या आदर्श बेटाची हकीकत सांगणारा काल्पनिक प्रवासी राफाएल हिथ्लोडे हा पोर्तुगीज आहे, आणि मायदेशी परतताना त्याला पोर्तुगीज जहाजे भेटतात ती कालिकत बंदरात. आपल्या किनाऱ्यावर तोफा चालत होत्या त्याच वर्षांत, त्याच जहाजांतून, परिपूर्ण राज्याची बातमी युरोपात पोचते अशी ही रचना आहे. ते राज्य उभे कसे राहिले, हेही मोरने लपवलेले नाही. युटोपस नावाचा राजा तो मुलूख जिंकतो आणि जमिनीशी असलेला त्याचा सांधा खणून, पंधरा मैलांचा कालवा काढून, त्याचे बेट करतो. त्या बेटावर सोन्याला किंमत नाही, म्हणून त्याची शौचपात्रे आणि गुलामांच्या बेड्या करतात. म्हणजे गुलाम आहेत. शेजारचे लोक आपली जमीन पडीक ठेवत असतील, तर ती युद्ध करून घेणे या सज्जन नागरिकांना न्याय्य वाटते. पाचशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने खर्चाचे पान पुस्तकातच बांधून ठेवले होते. आमचे लेखक मात्र ते पान फाडून कथा पाठवतात, आणि आपण ती छापता.

गोव्याच्या वाट्याला अशी तीन सोनेरी चित्रे आली आहेत. पोर्तुगीज काळाच्या आठवणींत रमणाऱ्यांचा ‘गोवा दोराद’, म्हणजे सोन्याचा गोवा, पूर्वेचे रोम. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चची धर्मन्यायसभा, १५६० ते १८१२ चालू होती, मध्ये चार वर्षांचा खंड सोडला तर, ही गोष्ट त्या चित्रात पार्श्वभूमीलाही नसते. दुसरे चित्र साठ-सत्तरच्या दशकांत किनाऱ्यावर उतरलेल्या गोऱ्या तरुणांनी रंगवलेल्या मुक्त स्वर्गाचे. तेथे स्थानिक माणूस दिसलाच तर मासे घेऊन येताना दिसतो. या दोन्हींवर मराठीत पुष्कळ टीका झालेली आहे आणि ती योग्यच आहे. तिसरे चित्र आपले आहे. फिरंगी आलेच नाहीत असा तो गोवा. आपल्या घरचे असल्यामुळे त्याची झडती घ्यायला आपण कचरतो, म्हणून येथे तेवढ्याचीच घेतो.

आधी किरकोळ गोष्ट. फिरंगी न आलेल्या गोव्यातला नायक काजूच्या झाडाखाली बसतो आणि त्याची आई मिरच्या वाटून माशांचे हुमण, म्हणजे आमटी, करते, अशी कथा माझ्या वाचनात आली आहे. काजू, मिरची, बटाटा, पपई, अननस हे सारे अमेरिकेतून आले आणि आपल्या किनाऱ्यावर ते पोर्तुगीजांनी आणले. ते आले नसते तरी मिरची अरबांच्या किंवा डचांच्या गलबतांतून कधीतरी आली असती, असे लेखकाला म्हणता येईल. पण तसे त्याने म्हटले पाहिजे, निदान एका ओळीत. नाहीतर त्या माउलीने मिरीचे हुमण करावे, आणि ते कसे लागते याचे वर्णन करण्याची संधी लेखकाने सोडू नये.

मोठी गोष्ट पुढेच आहे. १५१० साली गोव्यात सुखाने नांदणारे स्वराज्य नव्हते. विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता, आणि त्याला कंटाळलेल्यांपैकी होनावरकडच्या तिमोजानेच आल्बुकेर्कला गोव्याची वाट दाखवली. तेव्हा जहाज बुडवले की गोव्याच्या हातात काय उरते, तर आदिलशाही. तिचे पुढे काय होते? विजयनगर परत येते का? या प्रश्नांना बगल देऊन कथा एका उडीत मंगेशीच्या दीपमाळेपाशी पोचते. परंतु फिरंगी आले नसते तर मंगेशाचे देऊळ प्रियोळला आले नसते. ते कुशस्थळीलाच राहिले असते, शांतादुर्गा केळशीला आणि म्हाळसा वेर्ण्याला. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, हा देवळांचा महाल झाला तोच मुळी आश्रयाला आलेल्या देवांमुळे. आणि कुशस्थळीच्या त्या न पडलेल्या देवळात दिवा लावायला, चवरी ढाळायला, रंगमंडपात गायला कोण उभे असते? जन्माने देवाच्या सेवेला बांधलेल्या भाविणी आणि कलावंतिणी. त्या बंधनाचा फिरंग्यांशी काही संबंध नव्हता. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या थोर गायिका ज्या समाजातून आल्या, त्या समाजातल्या बाईला देवळाच्या चौकाबाहेर स्वतःच्या नावाने उभे राहता आले, त्याला मोठे कारण मुंबई. तेथले गवई, तेथल्या बैठका, तेथल्या ध्वनिमुद्रिका.

आता हा धागा थोडा ओढून पाहावा. पोर्तुगीज हिंदुस्थानात आलेच नसते, तर १६६१ च्या विवाहकरारात मुंबईची बेटे इंग्रजांच्या राजाला आंदण मिळाली नसती. मग गिरण्या, आगबोटींची गोदी, छापखाने, कॉलेजे असलेली ती मुंबई वसली असती का, आणि वसली असती तर कोठे? बार्देशातले खलाशी आणि आचारी जेथे गावाच्या नावाने ‘कूड’, म्हणजे सामाईक बिऱ्हाड, काढून राहिले, पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत नाटक, जेथे १८९२ साली झाला, पेडणे-फोंड्यातले कारकून जेथे चाळीत जागा शोधत फिरले आणि गोमंतकातले गाणे जेथे देशाचे झाले, ती मुंबईच या कथेतून पुसली जाते. तिच्याबरोबर फादर स्टीफन्सचे १६१६ चे क्रिस्तपुराणही पुसले जाते, आणि मराठी ओवीचा तो अपूर्व प्रयोग कोठेच उरत नाही. याचा अर्थ फिरंगी आले ते बरे झाले, असा कोणी काढू नये. पाडलेली देवळे, जाळलेले ग्रंथ आणि घरदार सोडून रातोरात नदी ओलांडलेली माणसे यांचा हिशेब मुंबईने किंवा काजूने फिटत नाही. मला म्हणायचे आहे ते इतकेच, की इतिहासाचे एक टोक ओढले की आपल्या आवडीच्या वस्तूही त्याबरोबर ओढल्या जातात, आणि कथा खरी रंगते ती तेथे. फिरंगी न आलेल्या गोव्यात कुशस्थळीच्या रंगमंडपात गाणारी एक बुद्धिमान मुलगी, जिला पळून जायला मुंबईच नाही, ही कथा कोणी लिहिली तर मी अंक दोनदा विकत घेईन.

दुसरा आवडता सांधा १६८३ चा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्याला घातलेला वेढा संभाजी महाराजांनी मोडला, महिनाअखेरीस मराठ्यांनी जुव्याचे बेट घेतले, आणि राजधानी इतकी हादरली की व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने आपला अधिकारदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला. जानेवारीत शाहजादा मुअज्जमची मोगल फौज जवळ आल्यामुळे महाराजांना मागे फिरावे लागले. ही फौज घाटातच अडकली असती तर? प्रश्न उत्तम आहे. जून १६८४ मध्ये याच व्हाइसरॉयने लोकांची बोली बंद पाडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले, तेही मग निघाले नसते. पण तोवर सासष्टी-बार्देशात बाटाबाटीला शतक उलटले होते. चौथ्या पिढीचे ख्रिस्ती घर, त्याच्या अंगणातला खुरीस (क्रूस), त्याच गावातून परागंदा झालेल्या आणि आता विजयी फौजेमागून जमीन मागायला परतलेल्या भाऊबंदांचे घर, आणि मधल्या काळात इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, नावे झालेली शेते. हे सगळे एका गावात आणून सोडल्यावर पहिल्या पावसाळ्यात काय होते, हे मला वाचायचे आहे. आपण छापलेल्या कथेत हे सारे ‘सर्व जण आनंदाने स्वधर्मात परतले’ अशा एका वाक्यात आटोपते. ज्याला त्या जगात आनंद झाला नाही, असा एकही माणूस लेखकाला सापडू नये, याचे नवल वाटते.

भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला त्या १९६१ वर लिहिणारे कमी आहेत. पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार याने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता आणि गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा याने तो पाळला नाही. शरणागती पत्करली, त्यापायी लष्करातून बडतर्फीही सोसली. त्याने हुकूम पाळला असता तर पणजी कशी दिसली असती, हा विचार अंगावर येतो. येथे स्वर्ग रंगवण्याची सोय नाही, बहुधा म्हणूनच कोणी तिकडे फिरकत नाही.

आता सर्वांत नाजूक सांधा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात वेगळेपणाच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे. फूल जिंकले असते तर, ही कल्पना आपल्याकडच्या कित्येक मराठीप्रेमी घरांत जेवणाच्या पाटावर अजून बोलली जाते, माझ्याही घरात बोलली गेलेली आहे, आणि तिच्यावर कथा यावी हे स्वाभाविक आहे. त्या कथांतला गोवा मराठी शाळांनी गजबजलेला, मांडवीत कॅसिनो नसलेला, डोंगर शाबूत असलेला असतो. मांडवीतले कॅसिनो आणि फोडलेले डोंगर यांचा विलीनीकरणाशी संबंध नेमका कोणता, हे लेखकाने दाखवायला हवे; मुंबईच्या मंत्रालयात बसलेल्या अधिकाऱ्याने डिचोली-सत्तरीच्या खाणी बंद ठेवल्या असत्या, असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

त्याहून जवळची, कागदावरची गोष्ट घ्या. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा मुक्तीनंतरही गोव्यात चालू राहिला. त्यानुसार लग्नानंतर, वेगळा करार नसेल तर, मिळकत नवरा-बायकोची समाईक होते, आणि वारसाहक्कात मुलगा-मुलगी असा भेद राहत नाही. शेजारच्या महाराष्ट्रात वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. आता फूल जिंकलेल्या गोव्यात, १९७५ साली, पेडण्यातल्या एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला आहे असे समजा. हा जुना कायदा विलीनीकरणानंतर टिकला असता की नाही, हे लेखकाने ठरवायचे आहे. नसता टिकला, तर त्याची लग्न झालेली मुलगी तलाठ्याच्या कार्यालयात जाते आणि सातबाराच्या उताऱ्यावर भावांची नावे वाचून परत येते. तिचे शिक्षण उत्तम मराठीत झालेले आहे, त्यामुळे उतारा तिला नीट वाचता येतो. या एका प्रसंगात विलीनीकरणाची कमाई आणि किंमत दोन्ही येतात, आणि लेखकाला कोणाचीही बाजू घ्यावी लागत नाही.

उलट बाजूच्या स्वप्नालाही हीच कसोटी लावावी. दोन पानांच्या विजयातून जो आदर्श गोवा निघायचा होता, त्यात फुलाला मत दिलेल्या एक लाख अडतीस हजार माणसांनी काय करायचे होते? प्रत्यक्षात झाले ते दोन्ही स्वप्नांपेक्षा अधिक चमत्कारिक. कौल हरल्यानंतर दोन-तीन महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाला आणि त्याचे नेते भाऊसाहेब बांदोडकर यांना पुन्हा सत्तेवर बसवले. विलीनीकरण नको, पण भाऊ हवेत. एखाद्या कथाकाराने हे कल्पनेने लिहिले असते, तर आपल्यापैकी एखाद्या परीक्षकाने ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारून ती कथा बाजूला ठेवली असती.

युद्धे आणि कौल यांच्यापेक्षा मला स्वतःला लहान सांधे अधिक मोलाचे वाटतात. सांगे तालुक्यातले कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मोगूबाईंचे हेच गाव. दक्षिण गोव्याच्या नळांना पाणी मिळेल, शेतीला मिळेल, सगळ्यांचे भले होईल, असे गावकऱ्यांना सांगण्यात आले, आणि त्यात खोटे फारसे नव्हते. मडगावात नळ सोडला की जे पाणी येते ते साळावलीचे. गाव उठले, घरे मोडली, सहाशेच्या आसपास कुटुंबे दुसरीकडे वसवली गेली. मे महिन्यात पाणी ओसरले की चिखलातून देऊळ, वाटा, घरांची जोती वर येतात, आणि उठून गेलेली माणसे सोमेश्वराच्या उत्सवाला, कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) फेस्ताला तेथे परत जमतात. धरण झालेच नाही असा एक गोवा कोणी लिहील का? त्यात कुर्डीची कुळागरे, म्हणजे पोफळीच्या बागा, हिरवी असतील आणि तेथे स्वतःच्या घरात नांदणारी एक बाई असेल. आणि मडगावच्या एखाद्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पहाटे तीनला टँकरच्या आवाजाने उठून कळश्या घेऊन जिना उतरणारी एक बाई असेल. दोघींपैकी कोणीही खलनायिका नाही. एकीचे सुख दुसरीच्या कळशीतून वजा होते, एवढेच. आणि आदर्श राज्याचा शोध घेणाऱ्या लेखकाला याहून अवघड आणि याहून खरा विषय गोव्यात मिळेल, असे मला वाटत नाही.

पर्यावरणाची कळकळ असलेले तरुण लेखक अलीकडे जुन्या गावकरीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या कारभाराकडे, वळतात, तिचाही उल्लेख केला पाहिजे. जमीन गावाची, शेतांचा लिलाव गावकऱ्यांच्या सभेत, उत्पन्नातून बांध, तळी, देऊळ यांचा खर्च आणि उरलेले गावकऱ्यांत ‘जोण’ म्हणून वाटून द्यायचे. १५२६ च्या फोराल या सनदेत पोर्तुगीजांनी या रिवाजांची नोंद केली, ती त्यांना मोडता आली नाही म्हणूनच. व्यवस्था खरोखर अद्भुत होती. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, ‘मानस’ ही पाण्याची झडप पाहिली म्हणजे पूर्वजांच्या बुद्धीला हात जोडावेसे वाटतात: भरतीचे पाणी बाहेरून लोटले की फळ्यांची झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतल्या गोड्या पाण्याच्या दाबाने उघडते, पहारेकऱ्याची गरज नाही. बांधाला मात्र गरज आहे. अमावास्येच्या उधाणात मध्यरात्री बांधाला खांड पडले, तर काळोखात छातीभर चिखलात उतरून तो बुजवायला माणूस लागतो, नाहीतर खारे पाणी शेतात शिरून पुढची काही पिके बुडतात. जोण गावकऱ्यांच्या वंशातल्या पुरुषांना मिळे. त्यांच्या बहिणींना नाही, आणि चिखलात उतरलेल्या बहुतेक हातांनाही नाही. गावकरी शेवटपर्यंत टिकलेल्या पर्यायी गोव्याची कथा मला हवीच आहे, फक्त ती त्या रात्री बांधावर उभ्या असलेल्या माणसाने सांगितलेली असावी.

कथा म्हणजे काही शोधनिबंध नव्हे, असे आपण म्हणाल. मान्य. तळटीपा कोणी मागत नाही. परंतु पर्यायी इतिहास लिहिणारा लेखक वाचकाशी एक करार करतो: मी एकच गोष्ट बदलेन, बाकीचे माणसांच्या स्वभावानुसार आणि वस्तूंच्या गुणानुसार चालेल. दुसऱ्या पानावर माणसांचा स्वभावही बदलून सगळे गुण्यागोविंदाने राहू लागले, तर करार मोडतो आणि उरते ते मनाचे समाधान. आणखी एक आक्षेप मला ठाऊक आहे, तो दबक्या आवाजात घेतला जातो: असे लिहिले तर भावना दुखावतील, जाहिरातदार फिरकणार नाहीत. गोव्यातल्या मराठी अंकांची आर्थिक ओढाताण मी जाणतो. पण गुळगुळीत कथांनी तरी अंक कोठे हातोहात खपत आहेत?

म्हणून यंदाच्या आवाहनात काही ओळी वाढवाव्यात, असे सुचवतो. लेखकाने कथेसोबत स्वतंत्र कागदावर, बदललेला क्षण कोणता आणि त्या बदलाने सर्वांत जास्त नुकसान कोणाचे झाले, हे चार-सहा वाक्यांत लिहून पाठवावे. ते छापू नये. आपल्या वाचनासाठी असावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाचेही नाही’ किंवा ‘शत्रूचे’ असे असेल, तर कथा सूचनेसह परत करावी, आणि दुरुस्त होऊन आली तर पुन्हा वाचावी. नेहमीच्या दोन-तीन सांध्यांपलीकडे लेखकांना ढकलावे. १७८७ चा पिंटोंचा उठाव घ्या: युरोपीय पाद्र्यांच्या बरोबरीचा मान एतद्देशीय पाद्र्यांना मिळत नाही म्हणून कांदोळीत शिजलेला कट, फ्रेंच राज्यक्रांतीच्या दोन वर्षे आधीचा, पंधरा जणांच्या देहदंडाने संपलेला. तो यशस्वी झाला असता तर, अशी मराठी कथा मी वाचलेली नाही. नायक पाद्री आहेत म्हणून ती कोणाला सुचत नसेल, तर ती सुचवणे हे संपादकाचे काम आहे.

शेवटी वेळेचा आणि पानांचा प्रश्न. अशी कथा तीन आठवड्यांत होत नाही. लेखकाला पणजीच्या पुराभिलेखागारात बसावे लागेल, पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे काढून घ्यावी लागतील, एखाद्या गावात जाऊन बांध पाहावा लागेल. तेव्हा या प्रकारापुरते आवाहन गुढीपाडव्यालाच काढावे, शब्दमर्यादा दुप्पट करावी, आणि मानधनाबरोबर जाण्यायेण्याचा खर्च द्यावा. तो द्यायला पैसे कमी पडत असतील, तर अंकात अशी एकच कथा घ्यावी.

आपला,
गोव्यातील मराठी दिवाळी अंकांचा एक जुना वर्गणीदार
डिचोली, गोवा